किल्लेदार हैबतरावांच्या लाटण्याची बखर

श्री. उंबरठा साक्ष, खुंटी साक्ष, आणि आतून लावावयाची कडी विशेष साक्ष. शके सोळाशे एकुणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी भर दरबारी जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. थोरथोरांनी लढायांच्या बखरी लिहिल्या, त्यांत हत्ती आले, तोफा आल्या, परंतु कडीच्या आतला राज्यकारभार कोणी लिहिला नाही, सबब हा उद्योग. राज्याचे नाव लिहू नये ऐसे त्या राज्यानेच हात जोडून विनविले, म्हणून लिहिले नाही.

तर त्या राज्यी हैबतराव म्हणोन एक किल्लेदार होते. वय बेचाळीस, मिशा दोन्ही बाजूंस कानापर्यंत, आणि दरारा ऐसा की त्यांचे नाव काढिता शत्रूची घोडी पाणी पीत नसत, आणि आपलीही पीत नसत, तेणेकरून पागेची मंडळी हैराण. त्यांची स्त्री दर्याबाई, वय अडतीस, अंगाने किरकोळ, बोलणे हळू, परंतु डोळा ऐसा की दूध उतू जावयास आले असता तिकडे पाहावे आणि दुधाने विचार बदलावा. उभयतांचा संसार बारा वर्षांचा. लग्नानंतर पहिल्याच श्रावणात ऐसे घडले की, दर्याबाई पोळ्या लाटीत होत्या आणि हैबतरावांनी मागून येऊन तव्यावरच्या पोळीस हात घातला, आणि बाईंनी हातातले लाटणे त्यांच्या मनगटावर चट्कन ठेविले. मग दोघेही थांबले. हैबतराव मनगटाकडे पाहो लागले, बाई लाटण्याकडे पाहो लागल्या, पोळी करपली. मग बाई हळूच पुसत्या जाहल्या, “लागले?” आणि हैबतराव म्हणाले, “लागले. पण… पुन्हा एकदा लागेल काय?” बाईंनी अंमळ विचार केला आणि म्हणाल्या, “मला हरकत नाही. मला तर, खरे सांगू, गंमत वाटली.” येथून त्या गुप्त दौलतीची स्थापना जाहली.

मग दर गुरुवारी दुपारी, सारा किल्ला वामकुक्षीस कलंडला म्हणजे, आतल्या खोलीची कडी लागे आणि राज्य उलटे होई. दर्याबाई पाटावर बसून सरकार होत आणि हैबतराव कैदी होत, आणि मोहिमेत पाडाव जाहले म्हणोन त्यांचा न्याय चाले. शस्त्रे म्हणाल तर सगळी मुदपाकातली. परंतु थोरांच्या तलवारींस नावे असतात, मग आपल्यांस का नसावी, ऐसे हैबतरावांनी मनावर घेऊन प्रत्येकास नाव दिले. लाटणे ते ‘रिपुदमन’, आणि वळ उठू नये म्हणोन बाईंनी त्यास मखमलीचा अंगरखा शिवला. झारा तो ‘शतनेत्र’, उलट्या बाजूने वापरावयाचा. मोरपीस ते ‘प्राणहरण’, कारण तळपायास लागताच हैबतरावांसारखा वीर खिंकाळून गडबडा लोळे. आणि ताक घुसळावयाच्या रवीची दोरी ती ‘नागपाश’. बारा वर्षांचे लोणी पिऊन ती ऐसी मऊ जाहली होती की कैद्यास कैद वाटावी आणि मनगटास पाहुणचार. एकदा सांडशीचा विषय निघाला होता. उभयतांनी सांडशीकडे पाहिले, सांडशीने उभयतांकडे पाहिले, आणि तो विषय तेथेच मिटला.

या दौलतीची कलमे तीन. पहिले, आधी ‘राजी?’ म्हणोन पुसावे, आणि ‘राजी’ ऐसे तोंडाने स्पष्ट आले तरच पुढे जावे. मान हलविली, हुं केले, हे उत्तर नव्हे. दुसरे, कोणीही ‘दोडका’ म्हणताच जे चालले असेल ते तेथेच थांबावे, कारण विचारू नये, पाणी द्यावे. दोडका निवडावयाचे कारण इतकेच की प्रेमाच्या भरात दोडका कोणाच्याही तोंडी येत नाही. तिसरे, ही गोष्ट तिसऱ्या कानी जाणे ती उभयतांच्या राजीनेच, एकट्याच्या नव्हे. कागद नाही, शिक्का नाही, सारे तोंडी. त्या काळी ताम्रपटावर कोरलेले तह पावसाळ्यापुरते टिकत नसत, आणि हा बारा वर्षे टिकला.

घरात तिसरे माणूस म्हणजे हैबतरावांच्या मातोश्री, त्यांस सारे आऊसाहेब म्हणत. त्यांचा कान शाबूत आणि समजूत स्वतंत्र. गुरुवारी दुपारी आतून धपधप ऐसा आवाज येई, तो ऐकून त्या शेजारणीस अभिमानाने सांगत, “आमचा हैबत वामकुक्षी घेत नाही हो. तालीम करतो. आणि सून बिचारी बसून हिशेबाने मोजते.” एकदा हैबतरावांच्या पोटरीत गोळा आला आणि ते “दोडका! दोडका!” म्हणोन ओरडले, तेव्हा बाईंनी तत्काळ गाठ सोडली आणि पोटरी चोळली, परंतु आऊसाहेबांनी बाहेर ऐकून मनी घेतले की लेकास व्यायामानंतर दोडक्याची वासना होते. तेव्हापासून दर गुरुवारी सायंकाळी दोडक्याची भाजी, डाळ घालून. हैबतराव निमूट खात. तोफेच्या तोंडी उभे राहिलेला माणूस, परंतु आईस काय सांगणार.

आता त्या राज्याची चाल सांगतो, कारण सारा घोटाळा तिच्यातूनच उपजला. खंडेनवमीस सर्व मानकऱ्यांनी आपापली आयुधे दरबारी आणावी, त्यांची पूजा व्हावी, आणि धन्याने बेलभंडार उचलून त्या आयुधाचा पराक्रम सांगावा, ऐसा मूळ पुरुषाचा दंडक. बेलभंडार उचलून खोटे बोलला त्याची नोकरी गेली. आणि तीनदा पुसून न बोलला त्याचा किल्ला गेला, कारण ज्याचा पराक्रम सांगता येत नाही ते शस्त्र चोरीचे समजावे. मूळ पुरुषाचा हेतू शूरांची कीर्ती व्हावी हा होता. परंतु खरे बोलणे भाग पडल्याने नवमीचा दरबार फार हळू आवाजात चाले. त्या वर्षी सरलष्कराची जागा रिकामी होती, आणि ती हैबतरावांस किंवा धारराव नामे सरदारास मिळणार ऐसे उघड होते. धारराव म्हणजे अंगास अत्तर, जिभेस अत्तर. त्यांनी प्रथम आपली तलवार ठेविली, बेलभंडार उचलिला आणि पुटपुटले, “दोन मांडव. एक केळीची बाग. आणि एकदा, धार पाहताना, माझाच अंगठा.” महाराज म्हणाले, “हं.” लिहिणाऱ्याने लिहिले.

मग भालदाराने पुकारा केला, “हैबतराव किल्लेदार यांची आयुधे!” आणि आऊसाहेबांनी पाठविलेला हारा पुढे आला. येथे मागील चार दिवसांचे सांगणे प्राप्त आहे. नवरात्राची झाडलोट करिता आऊसाहेबांस कणगीमागे एक पेटी सापडली, आणि पेटीत मखमलीत गुंडाळलेली, कशिद्याने नावे काढिलेली चार आयुधे. ‘रिपुदमन’ वाचून माउलीचे डोळे भरून आले. लेकाने गुप्त शस्त्रे बाळगिली, गुरुवारी त्यांचीच तालीम केली, आणि विनयाने आईसही न सांगितले! मग त्यांनी लेकाची तलवार घरीच खुंटीस ठेविली, कारण ती जुनी, आणि ही चार आयुधे झेंडूच्या माळा घालून हाऱ्यात भरून दरबारी रवाना केली. आणि आपण सुनेस घेऊन बायकांच्या बाजूस, चिकाच्या पडद्याआड, सर्वांत पुढे बसल्या. सुनेस वाटेत एवढेच म्हणाल्या, “आज बघ तू काय होते ते.”

उपाध्यांनी वस्त्र काढिले. हैबतरावांनी पाहिले. त्यांच्या पायांखालची जमीन सरकली नाही, ती तेथेच राहिली, हेच दुःख. सरकती तर खाली जाता आले असते. लाटण्यास झेंडूची माळ होती आणि वर हळदकुंकू. महाराज पुढे वाकून बोलिले, “हे काय?” हैबतराव म्हणाले, “लाटणे, महाराज.” “ते आम्हांस दिसते. हे मखमलीत का?” हैबतराव हळदकुंकवाकडे पाहो लागले. “आणि हे पीस? प्राणहरण? याने कोणाचे प्राण घेतले?” हैबतराव मनात म्हणत होते, माझेच, महाराज, दर गुरुवारी. परंतु बोलावे कैसे? खोटे बोलावे तर हाती बेलभंडार. खरे बोलावे तर तिसरे कलम. बाईस न पुसता तिची गोष्ट चारशे माणसांत उघडी करावयाची, तर मग ‘राजी?’ हा शब्द बारा वर्षे पुसला तो काय जिभेच्या व्यायामास? किल्ला जाईल, सरलष्करी जाईल, पालखी जाईल, जावो. ऐसा विचार करून त्यांनी ओठ मिटले, ते ऐसे की मिशांची दोन टोके एकमेकांस भेटावयास निघाली.

महाराजांनी पहिल्याने पुसले, “पराक्रम सांगा.” तेव्हा धाररावांस संधी सापडली. ते हसून बोलिले, “सांगतील काय, महाराज? किल्लेदार किल्ला राखीत नाहीत, भाकऱ्या थापितात. शत्रू आला तर त्यास आधी पिठले वाढतील.” दरबार हसला. महाराजांनी दुसऱ्याने पुसले. तेव्हा चिकाआडून आऊसाहेबांस राहवेना, त्या मोठ्याने ओरडल्या, “अरे सांग की मेल्या! लाजतोस कशापायी? महाराज, दर गुरुवारी दुपारी तालीम चालते याची! मी स्वतः कानांनी ऐकते! कधी कधी हा जिंकतो तेव्हा आरोळी देतो!” हैबतरावांनी डोळे मिटले. महाराज तिसऱ्याने पुसावयास तोंड उघडणार, इतक्यात चिक हलला आणि दर्याबाई बाहेर आल्या.

पदर सावरून दर्याबाई सरळ चालत हैबतरावांसमोर उभ्या राहिल्या. महाराजांस मुजरा करावयाचा तो राहिला, हे त्यांच्याही ध्यानात आले नाही. त्या हळूच म्हणाल्या, “किल्ला जाईल.” हैबतराव म्हणाले, “जाऊ दे. तुमचे नाव जाऊ नये.” बाई म्हणाल्या, “माझे नाव माझ्याजवळ आहे, ते कुठे जात नाही. मी सांगते. पण गोष्ट दोघांची आहे.” आणि मग नेहमीच्या स्वराने पुसले, “राजी?” हैबतरावांनी चारशे माणसांकडे पाहिले, आईच्या चिकाकडे पाहिले आणि स्पष्ट म्हणाले, “राजी.”

मग बाईंनी बेलभंडार उचलिला आणि जे होते ते सांगितले. काही वाढविले नाही, काही लपविले नाही, जैसा कारकून रोजचा लष्करी मजकूर वाचतो तैसे. रिपुदमन कोठे चालतो, शतनेत्र कोणत्या बाजूने, नागपाशाच्या गाठी किती आणि दोन बोटे आत जातील इतक्या सैल का, प्राणहरणाने कैदी किती वेळात शरण येतो. दरबारात ऐसी शांतता की बाहेर हत्तीने कान हलविला तो आत ऐकू आला. महाराज बोलिले, “आणि मार लागत नाही?” बाई म्हणाल्या, “मागितला तितकाच लागतो, महाराज. जास्त मागितला तर आधी विचार करते.” महाराज म्हणाले, “आणि थांबावयाचे जाहले तर?” “एक शब्द आहे. तो आला की थांबते.” “लगेच?” “लगेच.” “दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही?” “बारा वर्षांत एकदाही नाही.” तेव्हा बेलभंडाराचे ताट धरून उभे असलेले वृद्ध दिवाण गुंडोपंत, वय सत्तर, हळूच खोकले आणि म्हणाले, “दोरी सुंभाची की सुताची?” बाई म्हणाल्या, “रवीची, सुती.” पंत मान डोलावून म्हणाले, “बरोबर. सुंभ काचतो.” सारा दरबार पंतांकडे वळला. पंत म्हणाले, “म्हणजे, ऐकीव आहे.” मग आपल्या हातातले ताट पाहिले, आणि त्यातला बेल पाहिला, आणि नोकरीची अठ्ठेचाळीस वर्षे पाहिली, आणि म्हणाले, “ऐकीव नाही.” मागच्या रांगेतून कोणी मानकरी पुसता जाहला, “मेण गरम ओतावे की कोमट?” आणि तीन ठिकाणांहून एकदम उत्तर आले, “कोमट!” आणि तिघेही छताची नक्षी पाहो लागले.

धारराव संतापून बोलिले, “महाराज, हा काय दरबार आहे? बायकोपुढे गुडघे टेकणारा मनुष्य फौज काय हाकणार?” महाराजांनी उत्तर दिले, ते दप्तरी आहे. म्हणाले, “धारराव, आमची फौज गेल्या साली शेजारच्या मुलखात शिरली. तह जाहला, थांबा म्हणोन आम्ही सात जासूद पाठविले. फौज थांबली का? तुम्हीच होता पुढे. तुम्हांस सातवा जासूद भेटला तेव्हा तुम्ही एका गरीब वाण्याच्या गुळाच्या ढेपा मोजीत होता. येथे एक बाई आहे, हाती शस्त्र आहे, समोर बांधलेला मनुष्य आहे, आणि एका शब्दाने हात थांबतो. ऐसा हात आम्ही वीस वर्षे शोधितो आहो. हैबतराव, किल्ला तुमचा तुम्हांकडे. सरलष्करी दर्याबाईंस.” धारराव म्हणाले, “बाईच्या हाताखाली कोण नोकरी करील?” तेव्हा हैबतरावांस न पुसताच कंठ फुटला. ते म्हणाले, “मी बारा वर्षे करितो. वागणूक चांगली मिळते.” महाराजांनी बाईंस पुसले, “पत्करता?” बाई म्हणाल्या, “विचार करून उद्या सांगते.” हे ऐकून महाराज फारच खूश जाहले, कारण त्या दरबारी विचार करून उद्या सांगणारा आजवर कोणी निघाला नव्हता. दुसरे दिवशी बाईंनी होकार दिला.

आऊसाहेब तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. चौथे दिवशी सुनेजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ते लाटणे माझ्या माहेरचे, ठाऊक आहे ना?” सून खाली मान घालून म्हणाली, “ठाऊक आहे.” आऊसाहेब म्हणाल्या, “शिसवीचे आहे, म्हणून म्हणते. आंब्याचे घ्या. हलके असते.” आणि उठून गेल्या. मग त्या विषयावर जन्मात बोलल्या नाहीत.

पुढे दर्याबाईंनी सरलष्करी ऐसी चालविली की शिपाई लुटीचे नाव विसरले. राज्यात मात्र मोठी आपत्ती आली. घराघरांतून लाटणी नाहीशी होऊ लागली, सुतारांस उसंत मिळेना, आणि दोन महिने अर्धी प्रजा भातावर राहिली. परंतु खरी पंचाईत हैबतरावांची जाहली, ती कोणास ठाऊक नाही म्हणून लिहितो. गुरुवार आला, दुपार जाहली, आणि हैबतराव हौसेने कैदी होऊन बसले. दर्याबाई छावणीतून आल्या त्या कडी लावून दारासच टेकून राहिल्या. पहाटेपासून घोडदळास हुकूम, तोफखान्यास हुकूम, उंटांस हुकूम, उंट ऐकेनात म्हणून पुन्हा हुकूम. म्हणाल्या, “आज माझ्याने होत नाही हो. आज सरकार तुम्ही व्हा.” हैबतराव घाबरले. म्हणाले, “मी? येथे? मला येथे हुकूम देता येत नाही.” बाई म्हणाल्या, “मोहिमेत देताच ना?” तेव्हा हैबतरावांनी छाती फुगविली, मिशीस हात घातला आणि गर्जना केली, “कोण आहे तिकडे!” तत्काळ तीन पहारेकरी भाले घेऊन दाराबाहेर हजर. त्यांस परत धाडिले. बाई हसून हसून भिंतीस टेकल्या. म्हणाल्या, “इतके मोठे नको. माझ्यापुरते द्या.”

मग हैबतराव पाटावर बसले, उतरून खाली बसले, पुन्हा पाटावर बसले. प्रथम पुसले, “राजी?” बाई म्हणाल्या, “राजी.” मग बहुत वेळ विचार केला. बाईंच्या डोळ्यांखाली काळे पडले होते आणि पायांस रिकिबीचे घट्टे पडले होते, ते पाहिले. लाटण्याकडे पाहिले, ते कोपऱ्यात सरकविले. आणि मग अगदी हळू, परंतु बारा वर्षांत प्रथमच सरकारच्या स्वरात, फर्माविले, “निजा.” आणि दर्याबाई तेथल्या तेथे, पागोट्याची उशी करून, घोरू लागल्या. इतका तातडीने अमलात आलेला हुकूम त्या राज्याच्या दप्तरी दुसरा नाही. हैबतराव उशाशी बसून पंख्याने वारा घालीत राहिले. बाहेर शत्रूचा वकील तहाची कलमे घेऊन आला, त्यास दाराच्या फटीतून सांगितले की सरलष्कर कामात आहेत, हुकूम चालू आहे, मोडता येत नाही. वकील दिवस कलेपर्यंत ओसरीवर बसला, आणि आऊसाहेबांनी वाढिलेले ताक पिऊन त्याचाही राग बराच उतरला.

येणेप्रमाणे हकीकत. त्या साली राज्याची हद्द वाढली नाही, घटली नाही. दरबारी चाल मात्र एक बदलली, की खंडेनवमीस हाऱ्यावरचे वस्त्र उपाध्यांनी एकदम काढू नये, आधी धन्यास पुसावे. लिहिणाऱ्यास लिहिते वेळी हसू आले ते खोडावे, आणि वाचणाऱ्याने दार लावून वाचावे. लेखन समाप्त.